सात जानेवारी आणि डब्याच्या झाकणातले पाणी



२९ डिसेंबर २०१८, शनिवार. नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसवर उतरल्याची बातमी आली आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून धुमाकूळ सुरू झाला. अर्ध्या लोकांचे म्हणणे एकच : "हे काय घेऊन बसलात? थंडी होती ती आपल्या वेळी!" कोणी सांगितले, आपण नववीत असताना गोंदियात दोन अंश होते. कोणी ते एकावर आणले. दुपारपर्यंत आपण शून्याच्या खाली पोहोचलो होतो! संध्याकाळी एकाने लिहिले, "अरे, बर्फवाल्याला विचारा ना." त्यावर हसण्याच्या पंचवीसेक खुणा आल्या. ज्याला आपण बर्फवाला म्हणतो, तो मात्र काही बोलला नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी हाच विषय निवडला. कारण त्या टोपणनावात माझा हात आहे. तो हिशेब पूर्ण करण्याआधी थोडा इतिहास बघू.

आपल्या देशात हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. गावोगावच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून सगळीकडे एकाच रीतीने मोजमाप करायचे, हा या कामाचा पाया. वेधशाळेच्या आवारात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याची ही कल्पना. पेटी मोकळ्या जागेत उभी असते. तापमापकावर थेट ऊन पडत नाही, पण वारा खेळता राहतो. आतला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. किमान तापमानाच्या तापमापकात अल्कोहोल असते आणि त्यात एक बारीक सळई. थंडी वाढेल तशी ती मागे सरकते आणि पुन्हा ऊब आली तरी तिथेच राहते. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो आणि ती जिथे थांबली तो आकडा वहीत लिहितो. रात्रीचा नीचांक त्याने जागून पाहिलेला नसतो, पण सळईने तो राखून ठेवलेला असतो.

अशा वह्यांतून काही तारखा प्रसिद्ध झाल्या आहेत. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश. नागपुरात ७ जानेवारी १९३७ रोजी ३.९ अंश. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याला ११.७ आणि सांताक्रूझला ७.४ अंश. आणि आपल्यापासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर, नागपुरातच, २९ डिसेंबर २०१८ चे ३.५ अंश. म्हणजे नागपूरचा एक्क्याऐंशी वर्षांचा जुना विक्रम मोडला तो आपण सगळे पन्नाशीच्या आसपास आल्यावर, गीझरच्या पाण्याने अंघोळ करत असताना. "आपल्या वेळची थंडी" विक्रमाच्या वहीत नाही.

जुन्या आकड्यांत एक गंमत आहे. तेव्हा मोजमाप फॅरनहाइटमध्ये होत असे. नागपूरचे ३.९ म्हणजे ३९ फॅरनहाइट, पुण्याचे १.७ म्हणजे ३५, नाशिकचे ०.६ म्हणजे ३३. सगळे कसे पूर्ण आकडे! म्हणजे आज आपल्याला फार काटेकोर वाटणारे ते दशांश बहुधा नंतरच्या रूपांतरातून आलेले असावेत. आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्या मापाने आणि कसा घेतला हे विचारावे लागते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

७ जानेवारी ही तारीख नागपूर आणि नाशिक दोन्हीकडे यावी, हा योगायोग. एखाद्या तारखेचा विक्रम तसा नाजूकच असतो, कारण वर्षातून ती एकदाच येते. शंभर वर्षांची वही असली तरी ७ जानेवारीचे आकडे शंभरच. पण वरच्या सगळ्या तारखा डिसेंबरअखेर ते २२ जानेवारी या साडेतीन आठवड्यांत बसतात, हा मात्र योगायोग नाही. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमाराचा. तरी जमीन त्यानंतरही काही दिवस जेवढी उष्णता मिळवते त्यापेक्षा जास्त गमावत राहते. आजी म्हणायची, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. थंडीही तशीच तिळातिळाने हटते.

२०१८ चेच पहा. १७ डिसेंबरला फेथाई चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले. पुढे आभाळ निवळले, उत्तरेकडून कोरडे वारे उतरले. आभाळ स्वच्छ असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री सारी ऊब वर सोडून देते. ढग हे जमिनीचे पांघरूण. ते निघाले की आपल्यासारखीच तीही कुडकुडते. मैदानी भागात किमान तापमान चार अंश किंवा त्याखाली गेले की हवामान विभाग थंडीची लाट मानतो. नागपूर त्या सकाळी त्याच्याही खाली होते.

आपले गोंदिया तर समुद्रापासून दूर. शहर सोडले की धानाच्या बांध्या, तलाव आणि पुढे जंगल. विदर्भातले सर्वांत थंड ठिकाण म्हणून हिवाळ्यात गोंदियाचे नाव वरचेवर छापून येते, ते उगाच नाही.

आता आपल्या नववीकडे येतो. तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. गोंदिया जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडायचे होते. भूगोलाच्या सरांनी व्हरांड्यातल्या भिंतीवर एक तापमापक टांगला होता आणि रोजचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे काम माझ्याकडे होते. मला त्याचा केवढा तोरा! प्रार्थनेनंतर, साडेदहा-पावणेअकराला मी आकडा लिहायचो.

जानेवारीतल्या एका सकाळी आपला हा मित्र सायकलने गावाहून आला. सहा-सात किलोमीटर, हाफ पॅन्ट आणि अंगात मोठ्या भावाचा शर्ट. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला बसत. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे त्यांच्याकडचे स्वेटर होते, त्याच्याकडे नव्हते. त्याने दप्तरातून डब्याचे झाकण काढले आणि सरांपुढे धरले. झाकणात चमचाभर पाणी.

"सर, बर्फ आहे. बांधीतल्या तणसावर होता. खरवडून आणला. वाटेत वितळला."

सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवले आणि मला विचारले, "आज किती?" मी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "सर, तेरा." सर हसून म्हणाले, "तेरा अंशांत बर्फ होतो का रे?" सारा वर्ग खो खो हसला. सर्वांत मोठ्याने मी हसलो. त्या दिवसापासून तो बर्फवाला झाला. झाकणातले पाणी त्याने खिडकीतून बाहेर ओतले, हे मला अजून दिसते.

मित्रांनो, तो आकडा मी चुकीचा वाचला नव्हता. पण तो पावणेअकराचा होता, उन्हे चढल्यावरचा. रात्रीचा नीचांक सांगणारी सळई त्या तापमापकात नव्हती. तो भिंतीवर होता आणि भिंत रात्रभर दिवसाची ऊब धरून राहते. आणि त्याने पाहिलेले तणस जमिनीवर होते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतचा थर सव्वा मीटर उंचीवरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही अधिक थंड होतो. म्हणूनच वेधशाळांत गवतालगत ठेवायचा एक वेगळा तापमापकही असतो. थंड हवा जड असते, ती खोलगट बांधीत साचते. पेटीतला तापमापक तीन-चार अंश दाखवत असताना तणसावरचे दंव गोठलेले असू शकते. पहाटे बांधीवर तो होता, मी गोधडीत होतो. त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला मी भिंतीवरच्या आकड्याने खोटे ठरवले.

त्या वर्षी गोंदियात दोन अंश होते असा दावा मी करत नाही. ग्रुपवरच्या वीरांनीही तो सोडून द्यावा. आपल्याला थंडी जास्त वाटली, कारण घरात धानाच्या भुशाची एक शेगडी आणि भोवती आठ माणसे होती, अंघोळीचे पाणी चुलीवर तापेपर्यंत शाळेची वेळ होत असे. ते कुठल्याही वहीत लिहिलेले नसते. ते आपणच एकमेकांना सांगायचे असते, म्हणून तर हे संमेलन.

सरांना हा लेख मी आधी वाचून दाखवला. ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तापमापक भिंतीवर टांगला मी. माझेही नाव घाल." ते घालत नाही, कारण सगळे ओळखतीलच.

आणि तू, गड्या, संमेलनाला ये. स्टेजवर कोणी तुला त्या नावाने हाक मारली तर या वेळी मी उभा राहीन आणि मोठ्याने सांगेन की ते पाणी बर्फाचेच होते. छत्तीस वर्षे उशीर झाला, त्याबद्दल मला माफ कर.