एका रकान्याची किंमत : नोंदवह्या, संगणक आणि संशोधकाची जबाबदारी

#धागा #इतिहास

१/ गुन्हेगार जमाती कायद्यावरील मागच्या धाग्यानंतर अनेक वाचकांनी एकच मागणी केली : ‘ताई, ती नोंदवही तुम्ही टंकित केली आहे ना? मग एक्सेल फाइल सगळ्यांसाठी खुली करा.’ मागणी रास्त आहे. इतिहासाची साधने मोजक्या कपाटांत कुलूपबंद राहू नयेत, असे मीही सतत म्हणत आले आहे. तरीही ती फाइल मी दिलेली नाही. त्यामागचे कारण सांगण्यासाठी आधी ॲमस्टरडॅमला जावे लागेल. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ २७ मार्च १९४३ ची रात्र. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात. ॲमस्टरडॅममध्ये प्राणिसंग्रहालयाशेजारी असलेल्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयाच्या दारात काही पोलीस येऊन उभे राहिले. पहारेकऱ्यांनी त्यांना आत घेतले. ते पोलीस नव्हतेच. त्यांनी पहारेकऱ्यांना गुंगीचे इंजेक्शन देऊन सुरक्षित बाहेर नेले, कपाटांतील पत्रके जमिनीवर ओतली, त्यांवर ज्वालाग्राही द्रव टाकला आणि स्फोट घडवून आग लावली.

३/ या कटात चित्रकार व लेखक विलेम अरोंडेयस होते, शिल्पकार गेरिट व्हान डर व्हेन होते, संगीतकार फ्रीडा बेलिनफान्टे होत्या. कलावंतांनी शस्त्रागार सोडून कागदांची कपाटे का निवडली? भूमिगत मंडळी लपलेल्यांसाठी बनावट ओळखपत्रे तयार करीत होती. ओळखपत्र हुबेहूब साधले, तरी अधिकारी ते कार्यालयातील मूळ पत्रकाशी ताडून पाहत आणि खोटेपणा उघडा पडे. मूळ पत्रक शाबूत असेपर्यंत बनावट ओळख टिकणे अवघड होते.

४/ ती पत्रके जर्मनांनी केलेली नव्हती. हा या कथेचा गाभा आहे. १९३६ च्या आदेशाने डच सरकारनेच देशभर एकसारखी व्यक्तिपत्रके सुरू केली. प्रत्येक रहिवाशाच्या नावे एक पत्रक असे. माणूस गाव बदले तेव्हा त्याचे पत्रकही त्याच्यामागे नव्या गावी जाई. या व्यवस्थेचे सूत्रधार याकोबस लेंट्झ हे अत्यंत कष्टाळू, काटेकोर सरकारी अधिकारी होते. अचूक नोंद म्हणजे उत्तम प्रशासन, अशी त्यांची धारणा होती.

५/ पत्रकावर नाव, जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय यांबरोबर धर्माचाही रकाना होता. त्या काळी डच समाजजीवनच धर्मपंथांनुसार विभागलेले होते. शाळा, वृत्तपत्रे, कामगार संघटनाही पंथानुसार वेगळ्या असत. त्यामुळे तो रकाना कोणाला खटकला नाही. शांततेच्या काळात तो निरुपद्रवी होता. तो भरून देणाऱ्या ज्यू नागरिकांनी आपल्याच, निवडून दिलेल्या सरकारवर विश्वास ठेवला होता.

६/ लेंट्झ यांना सर्व नागरिकांसाठी ओळखपत्रही हवे होते. मार्च १९४० मध्ये डच सरकारने तो प्रस्ताव फेटाळला. प्रत्येक नागरिकाकडे संशयाने पाहणे आपल्या परंपरेत बसत नाही, ही त्यामागची भूमिका होती. दोनच महिन्यांत, १० मे रोजी जर्मन आक्रमण झाले. स्वकीय सरकारने नाकारलेली योजना परकीय सत्तेने आनंदाने स्वीकारली. १९४१ मध्ये छायाचित्र आणि बोटाचा ठसा असलेले, नक्कल करण्यास महाकठीण असे ओळखपत्र अमलात आले. ज्यूंच्या ओळखपत्रांवर ‘जे’ हे अक्षर उमटले.

७/ जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंनी स्वतः नोंदणी करावी असा हुकूम निघाला. तोपर्यंत नोंदणीखात्यावर लोकांचा इतका भरवसा बसला होता की बहुतेकांनी तो पाळला. त्याच वर्षी मे महिन्यात ॲमस्टरडॅमच्या महापालिकेने एक नकाशा तयार करून दिला. शहरभर काळे ठिपके. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. कारकुनांनी तो मोठ्या निगुतीने काढला होता. पुढच्या वर्षी, जुलै १९४२ पासून, ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या.

८/ नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांपैकी सुमारे १,०२,००० मारले गेले, म्हणजे जवळपास ७५ टक्के. शेजारच्या बेल्जियममध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्के, तर फ्रान्समध्ये सुमारे २५ टक्के होते. या तफावतीला अनेक कारणे आहेत : सपाट, दाट वस्तीचा प्रदेश, पळून जाण्यास सीमा नसणे, नाझी मुलकी प्रशासनाची घट्ट पकड, स्थानिक पोलिसांचे सहकार्य. एकट्या पत्रकावर सारा दोष टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र शोध घेणाऱ्याला प्रत्येक घराचा पत्ता तयार मिळाला होता, हेही नाकारता येत नाही.

९/ आता पुन्हा त्या आगीकडे. अग्निशामक दलातील सहानुभूतीदार जवान मुद्दाम उशिरा पोहोचले आणि नंतर गरजेपेक्षा कितीतरी अधिक पाणी मारत राहिले, की जळले नाही ते भिजून तरी जावे. इतके करूनही सुमारे ८ लाख पत्रकांपैकी १५ टक्क्यांच्या आसपासच नष्ट झाली. १ जुलै १९४३ रोजी अरोंडेयस यांच्यासह १२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढे ११ एप्रिल १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी हेग शहरातील ओळखपत्रांच्या मध्यवर्ती दप्तरावर बॉम्ब टाकले. त्यात सुमारे ६० माणसे दगावली. एक नोंदवही पुसण्याची किंमत अशी होती.

१०/ युद्धानंतर लेंट्झ यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. ते कट्टर नाझी नव्हते. आपले यंत्र अधिकाधिक निर्दोष करीत जाणे एवढेच त्यांना दिसत होते. ते कोणासाठी चालले आहे, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या कक्षेत येतच नव्हता. फ्रान्समध्ये रेने कार्मिय हे असेच नोंदणीतज्ज्ञ होते. छिद्रपत्रांवर चालणारी यंत्रे त्यांच्या हाती होती. त्यांनी ती व्यवस्था गुप्तपणे फ्रेंच सैन्याच्या पुनर्उभारणीसाठी वापरली. ज्यूंविषयीची माहिती त्यांनी किती अडवली, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४५ मध्ये डाखाऊच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. यंत्रविद्या दोघांचीही तीच, ‘हे कोणासाठी?’ हा प्रश्न मात्र एकालाच पडला.

११/ ‘हे हुकूमशाहीत घडते, लोकशाहीत नाही’ असे वाटत असेल तर अमेरिकेकडे पाहा. तेथील जनगणनेला गोपनीयतेचे कायदेशीर कवच होते. १९४२ च्या युद्धाधिकार कायद्याने ते दूर केले. कोणत्या वस्तीत किती जपानी वंशाचे लोक राहतात याचे तक्ते लष्कराला मिळाले आणि सुमारे १,२०,००० लोक छावण्यांत डांबले गेले. १९४३ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील काही व्यक्तींची नावे व पत्तेही दिले गेले होते, हे मार्गो अँडरसन आणि विल्यम सेल्टझर या अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. नोंदवही तीच राहिली, कायदाही रीतसर बदलला. बदलला तो केवळ हेतू.

१२/ संगणक आल्यावर हा धोका ओळखणारे लोकही पुढे आले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या समितीने काही तत्त्वे मांडली. गुप्त माहितीसंच असू नयेत. आपल्याबद्दल काय नोंदले आहे हे माणसाला कळावे आणि चूक दुरुस्त करता यावी. एका कामासाठी घेतलेली माहिती त्याच्या संमतीविना दुसऱ्या कामासाठी वापरू नये. माहिती राखणाऱ्याने तिच्या गैरवापराविरुद्ध काळजी घ्यावी. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात निर्णय दिला, की स्वतःविषयीची माहिती कोठे जावी हे ठरविण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचा आहे. नाझी राजवट अनुभवलेल्या देशातून हा निर्णय यावा, हे अर्थपूर्ण आहे.

१३/ येथे संशोधक म्हणतात : ‘आम्ही नावे काढून टाकतो. मग अडचण कसली?’ १९९७ च्या सुमारास लताण्या स्वीनी या विद्यार्थिनीने या समजाला सुरुंग लावला. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांची रुग्णालयीन माहिती नावे वगळून संशोधनासाठी दिली होती. स्वीनी यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्हींतील जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवले. खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद हाती लागली. नाव काढले, तरी उरलेले रकाने नाव सांगतच होते.

१४/ २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे ६,५०,००० वापरकर्त्यांचे २ कोटी शोध प्रसिद्ध केले. नावांच्या जागी क्रमांक होते. पत्रकारांनी एका क्रमांकाचे शोध वाचत वाचत जॉर्जिया राज्यातील एका वृद्ध स्त्रीचे घर गाठले. कंपनीने फाइल काढून घेतली, पण तोवर तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या. ॲमस्टरडॅमचे कागद निदान जाळता तरी येत होते.

१५/ २०१४ मध्ये आणखी एक प्रकरण गाजले. फेसबुकच्या संशोधकांनी ६,८९,००३ जणांना दिसणाऱ्या मजकुरातील आनंदी वा दुःखी नोंदींचे प्रमाण बदलून, त्याचा त्यांच्या लिखाणातील भावनांवर परिणाम होतो का, हे पाहिले होते. आपण प्रयोगाचा भाग आहोत, हे त्या लोकांना कळवलेच नव्हते. ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला, त्याच्या संपादकांनाच पुढे चिंता व्यक्त करणारे टिपण प्रसिद्ध करावे लागले. सेवेच्या अटींना दिलेला होकार ही संशोधनाला दिलेली संमती ठरते का, हा वाद अजून शमलेला नाही.

१६/ भारतातही चित्र पालटत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांना काही अटींवर सवलत आहे. म्हणजे कायद्याने आपल्यासारख्यांवर विश्वास टाकला आहे. जेथे कायदा सवलत देतो, तेथून पुढे संशोधकाचा स्वतःचा विवेक सुरू होतो.

१७/ आता आपल्या नोंदवहीकडे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि त्यांच्या याद्या केल्या. १९२४ च्या कायद्यात यादीतील माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. मुंबई इलाख्यातही सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापुरातील तारेच्या कुंपणाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. यादीने लावलेला कलंक मात्र लोकांच्या मनात उरला आणि त्याचे चटके आजही बसतात.

१८/ मी टंकित केलेल्या नोंदवहीत नाव, बापाचे नाव, जात, मूळ गाव, उंची, अंगावरील खूण आणि अंगठ्याचा ठसा असे रकाने आहेत. ‘वर्तन’ नावाचाही एक रकाना आहे. तो साहेबाच्या मर्जीने भरलेला. त्या कुटुंबांचे वंशज त्याच तालुक्यांत, त्याच आडनावांनी राहतात. ही फाइल खुली केली, तर शोधखिडकीत आडनाव व गाव टाकताच १०० वर्षांपूर्वीचा शिक्का एका क्षणात वर येईल. तो पाहणारा इतिहासाचा विद्यार्थीच असेल असे नाही. नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा, चोरीनंतर संशयित शोधणारा, कोणीही असू शकेल.

१९/ पण याला दुसरी बाजू आहे आणि तिने मला अनेक रात्री छळले आहे. या माणसांना इतिहासात दुसरीकडे जागाच मिळालेली नाही. त्यांची नावे फक्त पोलिसांच्या वहीत आहेत. मी तीही पुसली, तर उरेल काय? ‘अमुक जमातीचे इतके पुरुष, इतक्या स्त्रिया.’ साहेबाने त्यांना आकडा केले होते, तेच मी सद्भावनेने पुन्हा करीन.

२०/ म्हणून यंदा हिवाळ्यात काही पानांच्या छायाप्रती घेऊन मी एका वस्तीत गेले. एका आजींना त्यांच्या आजोबांचे पान दाखवले. अक्षर त्यांना वाचता येत नव्हते. ठशावर स्वतःचा अंगठा ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पोरी, आमच्या आज्याचा अंगठा हाय ह्यो. आमाला दे. पर चावडीवर लावू नको.’ संशोधननीतीवरचे इतके काही वाचून जे मला नीट मांडता आले नव्हते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

२१/ तेव्हा माझा निर्णय असा. खुल्या फाइलीत नावे, ठसे आणि अंगावरच्या खुणा नसतील. गावांऐवजी तालुका असेल. ज्या तालुक्यात एखाददुसरेच कुटुंब आहे, तेथे फक्त जिल्हा. ‘वर्तन’ हा रकाना व्यक्तीशी जोडलेला नसेल. साहेबाची भाषा तपासण्यासाठी त्यातील शब्दांची वेगळी यादी देईन. नावांसह असलेली पाने त्या त्या कुटुंबाला मिळतील आणि ती पुढे कोणाला दाखवायची, हे ते कुटुंब ठरवील. अभ्यासासाठी मूळ वही अभिलेखागारात आहेच.

२२/ हा उपाय परिपूर्ण नाही. एकाच कुटुंबात एकाला नाव छापून हवे आणि दुसऱ्याला नको, असेही घडले आहे. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तुमच्यापैकी अनेकजण जुने दाखले, वंशावळी, मोडी कागद यांची छायाचित्रे काढून संचिका तयार करीत आहात. हे मोलाचे काम थांबवू नका. फक्त नवा रकाना आखताना क्षणभर थांबा आणि विचारा : उद्या ही फाइल माझ्या हाती नसेल, तेव्हा ती कोणाच्या हाती असेल? लेंट्झ यांना हा प्रश्न १९३६ मध्ये विचारता आला असता. १९४३ मध्ये तो विचारायला आग लावावी लागली.

तुमचे अनुभव, मतभेद खाली जरूर लिहा. पुढचा धागा जनगणनेतील जातींच्या रकान्यावर.