पाटील, स्मिता

पाटील, स्मिता : (१७ ऑक्टोबर १९५५ – १३ डिसेंबर १९८६). मराठी, हिंदी व इतर भारतीय भाषांतील चित्रपट-अभिनेत्री आणि मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातील वृत्तनिवेदिका. जन्म पुण्यात झाला, पण कुटुंब खानदेशातले. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक. धुळे जिल्ह्यातील शिरपूर ही त्यांची राजकीय कर्मभूमी. पुढे ते राज्यात मंत्री आणि राज्यसभेचे सदस्य झाले. आई विद्याताई समाजकार्यात होत्या, आणि राष्ट्र सेवा दलाशी स्मिता यांचा संबंध शाळकरी वयापासूनचा. त्यांच्याविषयी लिहिताना ‘नैसर्गिक अभिनय’ हे शब्द हमखास वापरले जातात. हेतू गौरवाचाच असतो, पण त्यांतून एक गैरसमज पक्का होतो : जणू सावळा रंग, मोठे डोळे आणि उपजत संवेदनशीलता एवढ्यावर सारे आपोआप घडले. त्यांच्या कामाचा क्रम नीट पाहिला तर वेगळे दिसते. ही कला कमावलेली होती, आणि कमाईची सुरुवात दूरचित्रवाणीपासून झाली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर काही काळातच स्मिता पाटील तेथे मराठी बातम्या वाचू लागल्या. वृत्तनिवेदिकेला हातवारे नसतात, हालचाल नसते, पार्श्वसंगीताचा आधार नसतो. मजकूर दुसऱ्याचा, चौकट छाती-खांद्यांपर्यंतची, आणि प्रेक्षक थेट डोळ्यांत पाहणारा. चेहरा स्थिर ठेवून केवळ आवाजाच्या वजनावर वाक्याचा अर्थ पोहोचवावा लागतो. रंगभूमीवरून आलेल्या नटाला कॅमेऱ्यासमोर जे विसरावे लागते, ते त्यांना मुळात शिकावेच लागले नाही. याच काळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात त्यांनी काम केले. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना चित्रपटासाठी निवडले ते दूरदर्शनवरील निवेदन पाहून. वृत्तनिवेदिका पुष्कळ झाल्या, अभिनेत्री एकच का झाली, असे यावर कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पण शाळा गुण निर्माण करत नाही, गुणाला वळण लावते. ‘अर्थ’ (१९८२) किंवा ‘अर्धसत्य’ (१९८३) पाहताना हे वळण दिसते. समोरचा बोलत असताना त्या ऐकतात, आणि त्या ऐकण्यातच प्रसंग पुढे सरकतो.

कमाईचा सर्वांत भक्कम पुरावा ‘भूमिका’ (१९७७) हा आहे. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात त्यांना एका अभिनेत्रीचे आयुष्य उभे करायचे होते. म्हणजे जुन्या स्टुडिओ-काळातील ठसठशीत, नाटकी अभिनय चित्रपटातल्या चित्रपटात करायचा, आणि त्याच बाईचे घरातले तुटक, दबलेले बोलणे त्याच्या शेजारी ठेवायचे. केवळ ‘नैसर्गिक’ असलेल्या नटीला यांतले एकच जमले असते. दोन्ही शैली जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्याशिवाय ही भूमिका उभीच राहत नाही. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीसच्या आसपास होते आणि या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधीच्या ‘चरणदास चोर’मध्ये (१९७५) त्या छत्तीसगढच्या लोककलावंतांबरोबर उभ्या राहिल्या होत्या, पुढे केतन मेहता यांच्या ‘भवनी भवाई’त (१९८०) गुजरातच्या भवाई या लोकनाट्यप्रकाराशी जुळवून घ्यावे लागले. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मधली (१९७७) ठाकर समाजातली चिंधी, अरविंदन यांच्या मल्याळम ‘चिदंबरम्’मधली (१९८५) शिवकामी, ‘उंबरठा’तली (१९८२) सुधारगृहाची जबाबदारी घेणारी सुलभा महाजन : भाषा, वर्ग, चाल, सगळेच बदलते. यांतली सुलभा त्यांच्या स्वतःच्या घरच्या वातावरणाला सर्वांत जवळची, तरीही तिथेच त्यांनी स्वतःला सर्वाधिक आवरले आहे.

अधिक गंभीर आक्षेप असा की, मंत्र्याच्या घरातील सुशिक्षित मुलीने कष्टकरी बायांचे जगणे पडद्यावर मांडावे आणि त्यासाठी गौरवले जावे, यात काहीतरी खटकते. हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीबाहेरचा नाही. मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’त (१९८०) तो थेट विचारला गेला आहे. १९४३च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढायला शहरातून एक पथक खेड्यात येते, त्या पथकातील अभिनेत्रीचे नाव स्मिता, आणि ती भूमिका स्मिता पाटील यांनीच केली. भुकेचा अभिनय करणारी बाई आणि भूक पाहिलेली बाई समोरासमोर येतात तेव्हा नटीचे ओशाळणे त्यांनी झाकले नाही. जवळिकीचा खोटा दावा न करता कामाची अचूकता हेच त्यांचे उत्तर होते. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’मधली (१९८१) झोपडपट्टीत राहणारी अम्मा दयेची याचना करत नाही, या भूमिकेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’त (१९८१) झुरियाला संवाद मोजकेच आहेत. ज्या माध्यमातून त्या आल्या त्याच माध्यमातली ही कामगिरी त्यांच्या उत्तम कामांत मोजायला हवी. लांबी कमी म्हणून ती बाजूला पडते, हे अन्यायाचे आहे.

‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ (दोन्ही १९८२) यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांनी अशा कामांची ही रेषा मोडली, असे म्हटले जाते. तिथे त्या अवघडलेल्या दिसतात, हे मान्य करावे लागेल, विशेषतः गाण्यांत. पण त्या अवघडण्यातूनही मूळ मुद्दाच सिद्ध होतो : उपजत सहजता असती तर ती कोणत्याही पडद्यावर दिसली असती. त्यांच्या पद्धतीला पात्राचा व्यवसाय, गरज आणि भीती माहीत असावी लागे. ज्या पटकथेत या गोष्टीच नव्हत्या तिथे हाताशी काही उरत नसे.

१९८५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुत्रजन्मानंतर उद्भवलेल्या आजारात वयाच्या ३१व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. सुभेदाराच्या हुकमाला नकार देऊन मिरचीच्या कारखान्यात आसरा घेणाऱ्या सोनबाईची भूमिका असलेला केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ त्यानंतर, १९८७मध्ये प्रदर्शित झाला.