चांदीची आगगाडी, जयविलास महाल (लष्कर, ग्वाल्हेर)

महाराजा माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांच्या भोजनगृहातील छोटी रेल्वे. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक या कंपनीने ती घडविली. मेजावरील रुळांवरून ती पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट नेई. डब्यांवर ‘सिंदिया’ या नावाची रोमन अक्षरे आहेत.

इंजिनाचा घाट बाष्पइंजिनाचा असला तरी ते चालते विजेवर. जेवणाच्या मेजावर उकळते बाष्पित्र फिरविण्यापेक्षा हा बदल निश्चितच शहाणपणाचा. डब्यातील काचेची सुरई उचलताच गाडी थांबते, जागेवर ठेवली की पुन्हा निघते. पाहुण्याला घाई नको, एवढी काळजी यंत्रानेच घेतलेली! रुळांतून वीज घेणाऱ्या अशा प्रतिकृतींत बिघाड बहुधा मोटरीत नसतो. रूळ-चाकांच्या स्पर्शाची जागा मळली की प्रवाह तुटतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात सफाईपासून करावी. चांदी काळवंडते, पण तिला नुसती झळाळी देऊन भागत नाही; ही स्पर्शाची जागाही स्वच्छ हवी.

माधवरावांचा रेल्वेचा नाद मेजापुरता नव्हता. महालाच्या आवारातील हौसेच्या गाडीतूनच पुढे ६१० मिमी. रूळरुंदीची ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली. श्योपूरपर्यंतचा तिचा सुमारे २०० किमी. लांबीचा मार्ग २०२० मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. चांदीची गाडी महालाच्या संग्रहालयात पाहता येते.