धमकी, समाजमाध्यमांवरील

समाजमाध्यमांवर जीवे मारण्याची किंवा घातपाताची भाषा केल्यास होणारी कायदेशीर कारवाई. माध्यम नवे असले, तरी कायदे बहुधा आधीचेच वापरले जातात.

सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडचे. जानेवारी 2010 मध्ये बर्फामुळे डॉनकास्टरचा रॉबिन हूड विमानतळ बंद पडला. मैत्रिणीला भेटायला जाणार असलेल्या एका तरुणाने वैतागून ट्विटरवर लिहिले, की आठवड्याभरात कारभार सुधारा, नाहीतर विमानतळच उडवून देतो. खुद्द विमानतळाच्या लोकांनाही त्यात दम वाटला नव्हता. तरीही प्रकरण पोलिसांकडे गेले, अटक झाली, 2003 च्या संचार कायद्याखाली 385 पौंडांचा दंड बसला आणि नोकरीही गेली. वाचणाऱ्याला भीतीच वाटत नसेल तर ती धमकी कसली, असे म्हणत उच्च न्यायालयाने जुलै 2012 मध्ये त्याला दोषमुक्त केले. तोवर अडीच वर्षे गेली होती!

अमेरिकेत लिहिणाऱ्याचे मनही तपासले जाते. शब्द धमकीसारखे वाटू शकतात हे कळत असूनही त्याने बेफिकिरी दाखवली, एवढे सिद्ध होणे पुरेसे आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या काउंटरमन खटल्यात ठरवले.

भारतात फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना 2012 मध्ये झालेल्या अटकेमुळे बदनाम झालेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ कलम 2015 मध्ये रद्द झाले. धमकी देणाऱ्यांना मात्र त्यामुळे मोकळीक मिळाली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 नुसार फौजदारी धाकदपटशाला दोन वर्षांपर्यंत, तर ठार मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव लपवून धमकी दिल्यास त्यात आणखी दोन वर्षांपर्यंतची भर पडते.