माराकाइबोचा किनारा आणि हंटिंग्टनचे जनुक

व्हेनेझुएलाच्या वायव्येस माराकाइबो सरोवराच्या काठी वसलेल्या सान लुईस, बारांकितास आणि पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभ्या असलेल्या लागुनेतास या गरीब वस्त्यांत एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. ऐन उमेदीच्या वयात माणसाच्या हातापायांना न आवरणारे हिसके येऊ लागत, पुढे बोलणे, गिळणे आणि विचार करणे एकेक करून सुटत जाई, आणि घरचे लोक याला नुसते ‘एल माल’, म्हणजे ‘दुखणे’, म्हणत. १९५० च्या दशकात सान लुईसमध्ये काम करणाऱ्या आमेरिको नेग्रेते या डॉक्टरांना रस्त्याने झोकांड्या खात चालणारी माणसे प्रथम दारू प्यालेली वाटली. ती आजारी आहेत हे त्यांना गावकऱ्यांनीच सांगितले. लॉंग आयलंडवरील जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टराने १८७२ साली वर्णिलेला आनुवंशिक ‘कोरिया’, अर्थात नाचल्यासारख्या अनैच्छिक हालचालींचा विकार, तो हाच हे नेग्रेते यांनी ओळखले आणि १९६३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

ज्यांच्या आईला हाच आजार झाला होता त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी वेक्सलर १९७९ मध्ये या किनाऱ्यावर पोहोचल्या. त्यानंतर दरवर्षी येणाऱ्या पथकाने १८,००० हून अधिक व्यक्तींची दहा पिढ्यांची वंशावळ जुळवली. त्वचेचा तुकडा आणि रक्त द्यायला लोक बिचकत होते, तेव्हा एका परिचारिकेने वेक्सलर यांचा दंड धरून त्यावरील तपासणीचा व्रण सर्वांना दाखवला आणि ही बाईही आपल्यासारख्याच घरातली आहे हे पटल्यावर हात पुढे झाले. बोस्टनला धाडलेल्या याच नमुन्यांच्या आधारे जेम्स गुसेला यांच्या गटाने १९८३ मध्ये या दोषाची जागा चौथ्या गुणसूत्रावर निश्चित केली. प्रत्यक्ष जनुक हाती यायला मात्र १९९३ साल उजाडले. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हापुन्हा येतात. त्यांची आवर्तने ४० किंवा अधिक झाली, तर पूर्ण आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार बहुधा चुकत नाही.

जनुक सापडले म्हणजे कोडे सुटले, असे मात्र झाले नाही. या आजारात सर्वाधिक नाश होतो तो मेंदूच्या गाभ्यातील स्ट्रायटम या भागातील मध्यम आकाराच्या काटेरी चेतापेशींचा. त्यामुळे हे जनुक तेथेच अधिक ‘अभिव्यक्त’ होत असणार, म्हणजे त्याच्या आज्ञेची आरएनए-प्रत आणि त्यावरून बनणारे हंटिंग्टिन हे प्रथिन तेथेच जास्त निघत असणार, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. मेंदूच्या पातळ कापांवर आरएनएशी नेमका जुळणारा खुणेचा रेणू सोडून ती प्रत कोठे आहे हे पाहिले गेले, तेव्हा ही अपेक्षा फोल ठरली: प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, अनुमस्तिष्कात, जवळजवळ सगळीकडेच हे जनुक चालू होते, स्ट्रायटममध्ये त्याचे विशेष आधिक्य नव्हते, आणि मेंदूबाहेर वृषणातही ते भरपूर आढळले. या संशोधनाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा हाच मानायला हवा, कारण जनुकाची केवळ उपस्थिती पेशीचा मृत्यू समजावून देत नाही हे येथे निर्विवाद दिसले आणि प्रश्न ‘जनुक कोठे बोलते’ यावरून ‘त्याच जनुकाने काही मोजक्याच पेशी का मरतात’ याकडे वळला.

त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग २०२५ मध्ये पुढे आला. बोस्टनमधील संशोधकांनी एकेका पेशीतील आवर्तने आणि तिच्यातील जनुकांची अभिव्यक्ती एकत्र मोजली, तेव्हा असे दिसले की जन्मतः चाळीसच्या आसपास असलेली आवर्तने स्ट्रायटमच्या या पेशींत आयुष्यभर वाढत राहतात, आधी अनेक दशके संथपणे आणि मग वेगाने, आणि ती साधारण १५० च्या पुढे गेल्यावरच पेशीतील इतर जनुकांचा कारभार ढासळून पेशी मृत्यूकडे जाते. ही मोजणी ज्या ऊतींवर झाली त्या मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या होत्या; सरोवराकाठच्या कुटुंबांनी रक्त आणि त्वचा देऊन सुरू केलेले काम अशा रीतीने इतर रुग्णांच्या दानावर पुढे गेले. औषधांचा आणि पुरेशा अन्नाचा तुटवडा त्या वस्त्यांच्या वाट्याला मात्र पुढेही येत राहिला.