ऑप्टिकल ड्राइव्ह : नेटवर्कवरून लेखन व सामायिक वापर

एका संगणकाला जोडलेला सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे ड्राइव्ह त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाला वापरता यावा, आणि त्यात घातलेली कोरी डिस्क तिथूनच बर्नही करता यावी, यासाठीचे सॉफ्टवेअर. त्याची दोन कुळे आहेत. पहिले डिस्कवरच्या फाइली पलीकडे पोचवते. दुसरे पलीकडच्या संगणकाच्या आज्ञा थेट ड्राइव्हपर्यंत पोचवते. ‘ड्राइव्ह शेअरिंग’ हे नाव दोन्हींना सरसकट लावले जाते. पण ड्राइव्ह खऱ्या अर्थाने सामायिक होतो तो दुसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारात त्या क्षणी आत असलेल्या डिस्कचा काही भाग तेवढा सामायिक होतो.

याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली ठरवलेली ऑडिओ सीडी फाइलींसाठी घडवलेलीच नव्हती. तिच्यावर फाइलींची यादी नसते. असतो तो ध्वनीचा सलग प्रवाह, सेकंदाला 75 सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये 2352 बाइट. पुढे सीडी-रॉम आली, तेव्हा त्याच सेक्टरमधले 2048 बाइट माहितीसाठी ठेवून उरलेल्यांपैकी बहुतेक जागा चुका ओळखण्या-सुधारण्यासाठी दिली गेली. त्या 2048 बाइटांच्या तुकड्यांवर फाइली कशा मांडायच्या हे आयएसओ 9660 या मानकाने 1988 मध्ये ठरवले. म्हणजे फाइल हा डिस्कवरचा सर्वांत वरचा आणि ऐच्छिक थर आहे. कोऱ्या डिस्कवर तो नसतो, ऑडिओ सीडीवरही नसतो. जे सॉफ्टवेअर फक्त हा थर पलीकडे नेते, त्याला खालचे काहीच नेता येत नाही.

पुरावा कोणालाही तपासता येईल इतका साधा आहे. विंडोजमध्ये ऑडिओ सीडी घातली की ट्रॅकच्या जागी 44 बाइटांच्या ‘सीडीए’ फाइली दिसतात. त्यांत संगीत नसते. ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढीच नोंद असते. ड्राइव्ह नेहमीच्या फोल्डरसारखा शेअर केला तर पलीकडच्या संगणकाला या 44 बाइटांच्या नोंदीच मिळतात आणि गाणे वाजत नाही. चित्रपटाच्या डीव्हीडीची अडचण आणखी खोलवरची. सीएसएस या संरक्षणपद्धतीत डिस्कची किल्ली सुरुवातीच्या अशा भागात असते, जिथे फाइली पोचत नाहीत, आणि ड्राइव्ह व संगणक यांनी परस्परांची ओळख पटवल्याशिवाय ड्राइव्ह ती देत नाही. ही ओळख पटवण्याची देवाणघेवाण आज्ञांमधून होते. फाइल शेअरिंगच्या वाटेने त्या आज्ञा जातच नाहीत. ॲपलने जानेवारी 2008 मध्ये ऑप्टिकल ड्राइव्ह नसलेला मॅकबुक एअर आणला आणि सोबत ‘रिमोट डिस्क’ ही सोय दिली, तिच्या मर्यादा याच ठिकाणी आखलेल्या होत्या : शेजारच्या मॅक किंवा विंडोज संगणकातली माहितीची डिस्क वाचता येई, पण संगीताच्या सीडी, चित्रपटांच्या डीव्हीडी, कॉपी-संरक्षित खेळांच्या डिस्क आणि बर्निंग यांना ती चालत नसे. कंपनीने हे स्वतःच सांगितले होते. कारागिरीत काही कमी राहिले म्हणून असे झाले नाही. निवडलेल्या पातळीची ती मर्यादा होती.

दुसऱ्या कुळाचा पाया म्हणजे स्कझी ही आज्ञांची भाषा. ड्राइव्ह बाहेरून एटीए, साटा किंवा यूएसबी केबलने जोडलेला असला तरी आत त्याला दिल्या जाणाऱ्या आज्ञा याच घराण्यातल्या असतात, आणि त्यातला ऑप्टिकल उपकरणांसाठीचा संच एमएमसी नावाने ओळखला जातो. वाच, लिही, वेग ठरव, सत्र बंद कर, ट्रे उघड : सगळे यात बसते. म्हणून ही भाषा जशीच्या तशी नेटवर्कवरून नेली की पलीकडच्या संगणकाला ड्राइव्ह आपल्यालाच जोडलेला वाटतो आणि तिथले कोणतेही बर्निंग सॉफ्टवेअर बदल न करता चालते. योर्ग शिलिंग यांच्या ‘सीडीरेकॉर्ड’मध्ये अशी दूरस्थ स्कझीची सोय होती, ड्राइव्हच्या पत्त्यात दूरच्या यंत्राचे नाव लिहिले की लेखन तिथे होई, आणि कोणाला कोणता ड्राइव्ह वापरू द्यायचा हे त्या यंत्रावरच्या नियमांत ठरवता येई. ती पद्धत मात्र एका सॉफ्टवेअरच्या कुटुंबापुरतीच राहिली. 2004 मध्ये आयस्कझी हा प्रोटोकॉल इंटरनेटचे मानक म्हणून प्रसिद्ध झाला आणि हीच कल्पना सर्वांसाठी खुली झाली. ‘स्टारबर्न’ या बर्निंग सॉफ्टवेअरची निर्माती रॉकेट डिव्हिजन सॉफ्टवेअर ही कंपनीच ‘स्टारविंड’ हा आयस्कझी सर्व्हरही बनवत होती, आणि ‘अल्कोहोल 120%’सोबत त्याचीच एक आवृत्ती येत असे. लेखन आणि सामायिक वापर या दोन गोष्टी एकाच हातून घडाव्यात हे स्वाभाविकच होते, कारण दोन्हींना लागणारे ज्ञान एकच : ड्राइव्हशी त्याच्या भाषेत बोलणे.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आहे आणि तो गंभीर आहे. बर्निंग सुरू झाले की लेसरला अखंड माहिती लागते. जुन्या ड्राइव्हमध्ये साधारण 2 एमबीचा बफर असे. 8एक्स वेगाला, म्हणजे सेकंदाला 1200 केबी दराने, तो पावणेदोन सेकंदांत रिकामा होई आणि डिस्क वाया जाई. तेवढ्यासाठी नेटवर्कवर भरवसा ठेवणे त्या काळी खरोखर धोक्याचे होते. पण 2000 साली सान्योचे ‘बर्न-प्रूफ’ तंत्र आले. माहिती थांबली तर लेखन नेमक्या जागी थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करणे शक्य झाले, आणि लवकरच अशी सोय जवळजवळ सर्व ड्राइव्हमध्ये आली. त्यानंतर प्रश्न उरला तो वेगाचा. डीव्हीडीचा 1एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1.385 एमबी. 8एक्सला जवळपास 89 मेगाबिट लागतात, म्हणजे 100 मेगाबिटचे इथरनेट काठोकाठ भरते. 16एक्सला 177 मेगाबिट, तिथे गिगाबिट नेटवर्कच हवे. इमारतीच्या आत हे सहज जमते. इंटरनेटवरून मात्र जमत नाही, आणि त्याला कमी बँडविड्थपेक्षा विलंब अधिक कारणीभूत आहे. ड्राइव्हला एका वेळी एकच आज्ञा, साधारण 64 केबी माहितीची, जाते असे धरले आणि जाऊन-येऊन 100 मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला 640 केबीच पोचतात : सीडीचा जेमतेम 4एक्स आणि डीव्हीडीच्या 1एक्सच्या निम्म्याहून कमी. आक्षेप इथे पूर्णपणे लागू पडतो आणि तो मान्य करायला हवा.

म्हणून काही निर्मात्यांनी मधला मार्ग घेतला. जर्मनीतल्या नीरोने ‘नीरोनेट’मध्ये बर्निंगचे काम सर्व्हरकडे सोपवले, ग्राहक संगणक काम पाठवतो आणि डिस्क सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये लिहिली जाते, जसे कार्यालयातल्या प्रिंटरकडे रांगेने कागद जातात. एप्सन व रिमाज यांची डिस्क छापणारी-लिहिणारी यंत्रेही अशीच कामे घेतात. कोरी डिस्क घालायला कोणीतरी ड्राइव्हपर्यंत उठून जायचेच, मग नेटवर्क कशाला, या शंकेलाही अशा यंत्रांचा स्वयंचलित हात उत्तर देतो. पण ही पद्धत लेखनापुरतीच चांगली. पलीकडच्या संगणकाला तिने ड्राइव्ह मिळत नाही, आणि सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरला जे येते तेवढेच करता येते. शिवाय आज्ञांच्या पातळीवर एका वेळी एकच संगणक लिहू शकतो, ही तक्रार सामायिक पद्धतीवर ढकलणे बरोबर नाही. तो ड्राइव्हचा स्वभाव आहे. दोन संगणकांनी एकाच वेळी लिहायला सुरुवात केली तर डिस्क कोणत्याही पद्धतीत बिघडेल.

सर्वांत बळकट आक्षेप इमेजचा. डिस्कची आयएसओ इमेज, म्हणजे तिच्यावरच्या माहितीची एका फाइलीतली प्रत, एकदा बनवून सर्व्हरवर ठेवली तर ड्राइव्ह वाटण्याची गरजच काय? माहितीच्या डिस्कपुरते हे निर्विवाद खरे आहे, आणि वाचनालयांनी व शाळांनी तसेच करावे. पण आयएसओ इमेजमध्ये प्रत्येक सेक्टरचे 2048 बाइटच असतात. ऑडिओ सीडी तिच्यात मावत नाही आणि सीएसएसच्या किल्ल्या तिच्यात येत नाहीत. इमेज बनवायलाही कुठेतरी ड्राइव्ह लागतोच, आणि संग्रहालयात असे ड्राइव्ह एका खोलीत व काम करणारी माणसे दुसऱ्या खोलीत असतात. अर्थात ज्याच्या आज्ञा ड्राइव्हपर्यंत पोचतात त्याला सगळेच करता येते, म्हणून आयस्कझीवर ड्राइव्ह उघडा ठेवू नये, संगणकागणिक परवानगी आणि गुप्तशब्द ठेवावा. भारतात 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास शिक्षा सांगते. ड्राइव्ह दूर आहे म्हणून ते सैल होत नाही.

आज यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज क्वचितच पडते. आयस्कझी वापरणारी बाजू विंडोजमध्ये व्हिस्टापासून अंगभूत आहे, आणि ड्राइव्ह देणारी बाजू लिनक्सवर मोफत उभी करता येते.