घरातली शाळा, दाराबाहेरची मुलं

दिवेलागण झाली की मुलांनी हातपाय धुवायचे, देवापुढे बसून शुभंकरोति म्हणायची आणि मग परवचा. आधी एकापासून तीसपर्यंतचे पाढे. त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणत. तिथ्या, मराठी महिने, नक्षत्रं यांची उजळणीही त्यातच व्हायची. तुमच्यापैकी जे आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्यातल्या पुष्कळांनी हा परवचा म्हटला असेल. आजोबा ओसरीवर बसून ऐकायचे आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. या शिकवण्याला नाव नव्हतं, फी नव्हती आणि सुट्टी तर नव्हतीच.

मी नवीन पनवेलला राहते आणि माझ्या सात आणि चार वर्षांच्या दोन मुलांना घरीच शिकवते. ‘हे अमेरिकेतलं खूळ इथे कुठून आणलंत?’ असं लोक विचारतात, तेव्हा मी त्यांना परवच्याची आठवण करून देते. आपल्याकडे घर आधी होतं, शाळा नंतर आली. मात्र या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पहिली सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. आज मला या दोन्ही बाजूंविषयी बोलायचं आहे.

उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यात गागोदे नावाचं गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. हेच पुढे आचार्य विनोबा झाले. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत. त्यामुळे लहानपणी विनायकाची शाळा म्हणजे आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव. आजोबा घरीच गणपतीची मूर्ती घडवत, मुलं त्यासाठी चंदन उगाळून देत आणि पुढे तीच मूर्ती पाण्यात सोडायची असे. ज्यात जीव ओतला ते वेळ आली की सोडून द्यायचं, हा धडा कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडला असता? घरचा फणस फोडला की पहिले गरे शेजाऱ्यांकडे जात आणि ते पोचवायचं काम विनायकाकडे असे. एका दिवाळीला वडील बडोद्याहून पुडकं घेऊन आले. मुलाला वाटलं, मिठाई आहे. उघडून पाहिलं तर मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तकं! याहून चांगली मिठाई ती कोणती, असं आईनं त्याला समजावलं.

आईची लाख तांदळांची गोष्टही विनोबा सांगत. देवाला एक लाख तांदूळ वाहायचा तिचा नेम होता आणि ती एकेक दाणा मोजायची. वडील म्हणाले, तोळाभर तांदूळ मोजून घे आणि त्या हिशेबानं लाखाचं वजन काढ. आईनं मुलाला विचारलं. त्यानं आईच्या बाजूनं कौल दिला, कारण एकेक दाणा उचलण्यातच देवाचं स्मरण होतं. गणित वडिलांचं बरोबर होतं आणि भक्ती आईची. एकाच स्वयंपाकघरात मुलाला दोन्ही पाहायला मिळाली.

आता थोडं दूर, दक्षिणेकडे जाऊ. अनंतशास्त्री डोंगरे हे मराठी भाषक विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवायला घेतलं आणि धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिलं. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाला आईनं शिकवलं. दिवसभर घरकाम आणि विद्यार्थ्यांचा राबता, त्यामुळे शिकवायची वेळ एकच उरली होती. उजाडण्यापूर्वी, पाखरं जागी व्हायच्या आधी, लक्ष्मीबाई मुलीला जवळ घेऊन संस्कृत श्लोक पाठ करवून घेत. हीच मुलगी १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांपुढे उभी राहिली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या घेऊन परतली. ती कधीही कुठल्या शाळेच्या बाकावर बसली नव्हती.

लक्ष्मीबाईंची ती पहाटेची वेळ मला नीट कळते. मुलांना घरी शिकवण्यातली खरी अडचण अभ्यासक्रमाची नसते, वेळेची असते. कणिक मळताना मोठी विचारते, ‘आई, शून्याच्या खाली काय असतं?’ त्याच क्षणी धाकटा खडू चावत असतो आणि कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते. बाजारात पाव किलो मिरची आणि अर्धा किलो भेंडी घेताना मुलीला पावकी-निमकी आपोआप कळली, तो आनंद मोठाच. वडाळे तळ्याच्या काठी पक्षी मोजता मोजता बेरीज येते आणि दुकानांच्या पाट्या वाचता वाचता जोडाक्षरं येतात. पण आईला स्वतःचा म्हणून तास उरत नाही, हेही तितकंच खरं. माझा नवरा सकाळची लोकल पकडतो तो रात्रीच परततो. सासूबाई पाढे आणि गोष्टी सांभाळतात, म्हणून हे चाललं आहे. गागोद्याच्या घरातसुद्धा आई एकटी नव्हती, आजोबा होते. घरची शाळा एका माणसावर चालत नाही, हे इतिहास वाचल्यावरच मला उमगलं.

आता दुसरी बाजू. घरी शिकवणारा माणूस मायाळूच असतो असं नाही. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना त्यांचे पती गोपाळरावांनी घरी शिकवलं. लग्नाच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. गोपाळरावांच्या हट्टानं आणि स्वतःच्या जिद्दीनं त्या १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. पण शिकवताना त्या लहान मुलीनं मारही खाल्ला. पुढे अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. शाळेत निदान चार माणसांचे डोळे असतात. घराची दारं लावली की आत काय चालतं, ते कुणाला दिसणार?

आणि याहून मोठा प्रश्न असा, की ज्यांच्या घरात शिकवणारं कुणीच नव्हतं, त्यांचं काय? परवचा घेणारे आजोबा, दिवाळीला पुस्तकं आणणारे वडील, श्लोक येणारी आई ही संपत्ती ठरावीक जातींच्या, ठरावीक घरांतच साठलेली होती. म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात सक्तीचं शिक्षण आणलं. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात त्यासाठी विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. सबंध देशाला मात्र शिक्षण हक्काचा कायदा मिळायला २००९ साल उजाडलं आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्यात पालकांचं कर्तव्य मानलं आहे. घरी शिकवणाऱ्यांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. आमच्यासारखी मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत दहावीच्या पातळीची परीक्षा देऊ शकतात, एवढी वाट आहे.

हा कायदा वाचताना आधी मला राग यायचा. नंतर फुल्यांपासूनची ही सव्वाशे वर्षांची ओळ समोर आली आणि सक्ती नेमकी कुणासाठी मागितली गेली होती, ते दिसलं. ती माझ्या मुलांना घरातून ओढून नेण्यासाठी नव्हती. वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणाऱ्या कातकरी मुलाला शाळेत जागा मिळावी, म्हणून होती. आमच्या रायगड जिल्ह्यात अशी मुलं आजही आहेत.

घर आणि शाळा यांच्यामधली वाट दाखवली ती ताराबाई मोडक यांनी. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी इथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई बालवाडीच वस्तीतल्या अंगणात घेऊन गेल्या. हीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि शिंपले, खडे, पानं घेऊन मोजायला शिकवायचं. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. घराची ऊब आणि शाळेचं उघडं दार, दोन्ही एकत्र नांदू शकतात हे या दोघींनी करून दाखवलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत प्रत्येक घर शाळा झालं. आमच्या घरात पुस्तकं होती, आजी होती, दोन फोन होते. आमच्या इमारतीच्या रखवालदाराच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जायचा. त्यांची मुलगी दुसरीतून थेट चौथीत गेली आणि मधलं वर्ष कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. घर किती वेगवेगळं शिकवतं, हे त्या दिवसांत सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून घरी शिकवू पाहणाऱ्या तरुण आईबाबांना मी एवढंच सांगेन. जरूर शिकवा. मुलांच्या प्रश्नांसाठी चूल मंद करायची तयारी ठेवा. पण आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना त्यात ओढा, म्हणजे ओझं वाटलं जाईल आणि मुलांवर चार डोळेही राहतील. आणि संध्याकाळी पाढे चालू असताना दार उघडं ठेवा. आमच्याकडे आता परवच्याला पाच मुलं असतात. त्यातली तीन शाळेत जातात. औटकी मात्र अजून एकालाही धड येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)